टाच मोडली, चालणं मोडू नये

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

टाचेला भेग पडली किंवा काटा रुतला, तरच आपल्याला टाचेची आठवण होते. एरवी ती बिचारी जन्मभर आपलं ओझं वाहत असते आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. या टाचेच्या आत एक हाड असतं. ते मोडलं तर ऑपरेशन करावं की ऑपरेशनशिवाय बरं व्हावं, आणि माणूस पुन्हा कधी आणि कसा चालायला लागतो, हा आपला आजचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन रुग्ण आले. पहिले होते एक गवंडी, वय चौतीस. दुसऱ्या मजल्याचा गिलावा चालू असताना परांचीची फळी सरकली आणि ते थेट पायांवर खाली आले. उजवी टाच सुजून दुप्पट झाली होती. सोबत बायको, मेहुणा आणि आई. मेहुणा म्हणाला, "साहेब, पैशाचं आम्ही बघतो, पण ऑपरेशन करूनच टाका. आमच्या गल्लीतल्या एकानं केलं नाही, तो अजून लंगडतोय." आई लगेच म्हणाली, "नको रे बाबा. आपल्या भावकीतल्या त्यानं केलं होतं ना, सहा महिने टाचेतनं पू वाहत होता." गवंड्याला स्वतःला एकच गोष्ट विचारायची होती. "साहेब, मी परत परांचीवर चढणार का?"

दुसरे होते एक सत्तावन्न वर्षांचे शेतकरी. चिंचा पाडायला झाडावर चढले आणि फांदी मोडली. बारा वर्षांचा मधुमेह, साखर कधी आटोक्यात नाही, आणि तंबाखूची सवय. ते म्हणाले, "डॉक्टर, पाय कसाबी ऱ्हाऊ दे, पर मला रानात जायला आलं पायजे."

त्या दिवशी मेहुणाही खरं बोलत होता आणि आईही खरंच बोलत होती. टाचेच्या हाडाबाबत गोंधळ होतो तो यामुळेच.

हाड कसं आणि काम कसं

आपल्या एका पावलात सव्वीस हाडं असतात. त्यांतलं सगळ्यात मोठं म्हणजे टाचेचं हाड. वैद्यकीय भाषेत त्याला कॅल्केनियम म्हणतात. बाहेरून त्याचं कवच पातळ असतं आणि आत जाळीदार, पावासारखा सच्छिद्र भाग असतो. त्याच्या डोक्यावर आणखी एक हाड बसलेलं असतं, त्याचं नाव टॅलस. शरीराचं सगळं वजन नडगीतून टॅलसवर आणि टॅलसवरून टाचेच्या हाडावर येतं.

हे हाड तीन कामं करतं. पहिलं काम धक्का झेलण्याचं. पाऊल टाकताना आधी टाच टेकते आणि तिच्याखालची चरबीची गादी व हाड मिळून तो धक्का घेतात. दुसरं काम तरफेचं. पोटरीचे स्नायू टाचेच्या मागच्या जाड शिरेनं, म्हणजे कंडरेनं, या हाडाला जोडलेले असतात. पोटरी आखडली की टाच उचलली जाते आणि आपण पुढे ढकलले जातो. हाडाची उंची कमी झाली की ही तरफ लंगडी पडते आणि पाऊल पुढे ढकलण्याचा जोर जातो.

तिसरं काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टॅलस आणि टाचेचं हाड यांच्यामध्ये एक सांधा आहे. पाऊल वरखाली हलतं ते घोट्याच्या सांध्यात, पण पाऊल डावीउजवीकडे कलतं ते मुख्यतः या खालच्या सांध्यात. सपाट फरशीवर याची फारशी गरज पडत नाही. पण शेताचा बांध, नांगरट, नदीकाठचे गोटे, खडीचा ढीग, शिडीची पायरी अशा ठिकाणी पाऊल जमिनीप्रमाणे वळवून घ्यायचं काम हाच सांधा करतो. आपल्याकडची निम्मी माणसं अशाच जमिनीवर पोट भरतात, म्हणून या सांध्याचं मोल आपल्याला जास्त.

उंचावरून माणूस पायांवर पडतो, तेव्हा टॅलस हा लाकडात पाचर ठोकावी तसा टाचेच्या हाडात घुसतो. हाड फुटतं, खचतं आणि बाजूंना पसरतं. दहांतल्या सुमारे सात-आठ रुग्णांत ही भेग वरच्या सांध्यात गेलेली असते. म्हणजे हाड तर मोडतंच, पण सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभागही फुटतो. हाड जुळून येतं, कारण त्याला रक्तपुरवठा चांगला असतो. सांध्यावरची कूर्चा मात्र पहिल्यासारखी होत नाही.

इथे एक सूचना. टाचेवर पडलेल्या माणसाची पाठही तपासायला हवी. अशा दहा रुग्णांत साधारण एकाला कमरेच्या मणक्याचाही अस्थिभंग असतो. टाचेच्या वेदनेपुढे पाठीचं दुखणं माणसाला जाणवत नाही आणि ते नजरेतून सुटतं.

शंभर वर्षांचा वाद

टाच मोडणं म्हणजे काम सुटणं, अशी एके काळी डॉक्टरांचीच समजूत होती. बोस्टनचे शल्यविशारद कॉटन आणि त्यांचे सहकारी यांनी १९१६ साली लिहून ठेवलं की, टाचेचं हाड मोडलेला माणूस कामधंद्याच्या दृष्टीनं संपल्यातच जमा आहे. पसरलेली टाच बाजूनं हातोडीनं ठोकून अरुंद करण्याची पद्धतही त्या काळात होती.

व्हिएन्नाचे लोरेन्झ ब्यॉलर यांनी १९३१ साली एक्स-रेवर मोजायचा एक कोन सांगितला. निरोगी टाचेत तो साधारण वीस ते चाळीस अंश असतो आणि हाड खचलं की कमी होतो, कधी शून्याच्याही खाली जातो. आजही आम्ही तो मोजतो. १९५२ साली इंग्लंडच्या एसेक्स-लोप्रेस्टी यांनी हे हाड प्रामुख्यानं कोणत्या दोन प्रकारांनी मोडतं ते दाखवलं. पुढे सी. टी. स्कॅन आला आणि टाचेच्या आत काय झालंय ते कापाकापासारखं दिसू लागलं. सी. टी.वरून सांध्याचे किती तुकडे झालेत त्यानुसार चार प्रकार पाडण्याची सँडर्स यांची पद्धत १९९३ साली आली. पहिल्या प्रकारात तुकडे जागचे हललेले नसतात, चौथ्या प्रकारात सांध्याचा चुरा झालेला असतो.

प्रतिजैविकं, चांगल्या पट्ट्या आणि स्क्रू, सी. टी. हे सगळं हाताशी आल्यावर १९८० ते २००० या काळात ऑपरेशनकडे कल वाढला. विचार सरळ होता. सांधा फुटलाय ना, मग उघडा, तुकडे जागेवर बसवा, पट्टी लावा. गुडघ्यात आणि घोट्यात हेच करून चांगला गुण येत होता.

पण टाचेची अडचण वेगळी आहे. टाचेवरची कातडी पातळ, तिच्याखाली मांस जवळजवळ नाही आणि सूज भयंकर. पूर्वापार पद्धतीत टाचेच्या बाहेरच्या बाजूला इंग्रजी एल अक्षरासारखा मोठा छेद घेतात. त्या छेदाच्या कोपऱ्यावर रक्तपुरवठा नाजूक असतो. तिथं कातडी काळी पडली की जखम उघडते, आत पट्टी दिसते, जंतुसंसर्ग होतो. गवंड्याच्या आईनं सांगितलेला सहा महिन्यांचा पू तो हाच.

चिठ्ठी टाकून केलेली तुलना

आता तुम्ही विचाराल, मग गुण कशानं येतो ते कुणी मोजून पाहिलं की नाही? पाहिलं. मात्र ते मोजणं सोपं नाही. डॉक्टर तरण्याताठ्या माणसाचं ऑपरेशन करणार आणि थकलेल्याचं टाळणार. मग ऑपरेशनवाले बरे दिसले तर श्रेय ऑपरेशनचं की तरुण वयाचं? म्हणून अशा अभ्यासात जणू चिठ्ठी टाकून ठरवतात की कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा. तसं केलं की दोन्ही गट सारखे राहतात.

असा एक मोठा अभ्यास कॅनडात झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सांधा सरकलेले ४२४ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर सगळ्यांचा एकत्र हिशेब केला, तर ऑपरेशन झालेले आणि न झालेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण गट वेगळे करून पाहिल्यावर काही गोष्टी दिसल्या. स्त्रिया, तरुण रुग्ण, हलकं काम करणारे आणि कामावरच्या अपघाताच्या नुकसानभरपाईत न अडकलेले यांना ऑपरेशनचा फायदा झालेला दिसला. शिवाय ज्यांचं ऑपरेशन केलं नव्हतं, त्यांच्यापैकी कित्येक पटींनी जास्त जणांना पुढे दुखण्यामुळे सांधा कायमचा जोडून टाकायचं ऑपरेशन लागलं.

दुसरा अभ्यास ब्रिटनचा. बावीस रुग्णालयांतले १५१ रुग्ण. निष्कर्ष २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. दोन वर्षांनी रुग्णांना वेदना, चालणं, काम यांबद्दल प्रश्न विचारून शंभरपैकी गुण दिले. ऑपरेशन झालेल्यांना सरासरी सुमारे सत्तर, न झालेल्यांना सुमारे सहासष्ट. हा फरक इतका लहान की तो योगायोगानंही पडू शकतो. त्यांनी नुसतं विचारलं नाही, चालायला लावून चालही मोजली. चालण्याचा वेग आणि दोन्ही पायांची चाल सारखी पडते की नाही, यातही फरक आढळला नाही. गुंतागुंत मात्र ऑपरेशनच्या गटात शंभरात तेवीस जणांना झाली, दुसऱ्या गटात शंभरात चौघांना.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग ऑपरेशन बंदच करा. तसंही नाही. ब्रिटनच्या अभ्यासात टाचेचा आकार फारच बिघडलेले रुग्ण घेतलेच नव्हते. टाच इतकी पसरली आहे की ती घोट्याच्या बाहेरच्या हाडाला जाऊन टेकते, अशांचं ऑपरेशन करण्याबद्दल वाद नव्हताच. पात्र असलेल्यांपैकी बरेच जण चिठ्ठीला तयार झाले नाहीत, ही दुसरी मर्यादा. तिसरी गोष्ट अशी की, या अभ्यासांतलं ऑपरेशन मुख्यतः मोठ्या छेदाचं होतं. त्यानंतर घोट्याखाली चार-पाच सेंटिमीटरचा लहान छेद घेऊन सांधा बसवायची पद्धत बरीच रुळली आहे. तिच्यात जखमेचा त्रास पुष्कळ कमी होतो.

स्वीडनमध्ये ८२ रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच होते. पण आठ ते बारा वर्षांनी पाहिलं, तेव्हा ऑपरेशन झालेल्यांमध्ये सांध्याची झीज कमी होती आणि थोडं सुख त्यांच्याकडे झुकलेलं होतं. म्हणजे ऑपरेशनचा धोका असतो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, आणि लाभ झालाच तर तो उशिरा पदरात पडतो.

मग कुणाचं करायचं?

काही ठिकाणी प्रश्नच नसतो. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर ते तातडीचं काम आहे. एका प्रकारात हाडाचा मागचा तुकडा कंडरेच्या ओढीनं वर सरकतो आणि टाचेच्या मागच्या कातडीला आतून टोचतो. कातडी पांढरी पडून ताणलेली दिसते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबलं तर कातडी मरते. पावलात असह्य, औषधानंही न थांबणारा ठणका असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर तेही त्याच रात्री दाखवायला हवं.

उलट हाड जागचं हललं नसेल किंवा भेग सांध्यात गेली नसून टाचेचा आकार शाबूत असेल, तर ऑपरेशनशिवायच चांगला गुण येतो.

खरी ओढाताण मधल्या रुग्णांची. तिथं हाड बघावं लागतं, आणि त्याहून जास्त माणूस बघावा लागतो. विडी-सिगारेट आणि तंबाखूमुळे कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मिश्रीही त्यातच आली, हे बायकांनी लक्षात ठेवावं. आटोक्यात नसलेला मधुमेह, पायातला कमी रक्तपुरवठा, सांगितलेलं पथ्य न पाळण्याची सवय, यांतलं एक जरी असलं तरी जखम चिघळण्याचा धोका वाढतो. एकाहून जास्त असतील, तर चांगल्या शल्यविशारदानं हात आखडता घ्यावा, यातच शहाणपण आहे.

ऑपरेशन ठरलं तरी मोठ्या छेदाचं ऑपरेशन आल्या दिवशी करत नाहीत. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, साधारण आठवडा ते दोन आठवडे, थांबतात. नातेवाईक चिडतात, "दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलंय." पण ती दिरंगाई नव्हे, उपचारच आहे. मात्र तीन आठवड्यांपलीकडे गेलं की हाड चुकीच्या जागी जुळायला लागतं आणि ते बसवणं अवघड होतं. म्हणून चोळणं, शेकणं, बांबूच्या कामट्या करकचून बांधणं यात हे दिवस घालवू नयेत.

त्या गवंड्याच्या सांध्याचे दोन तुकडे झाले होते आणि टाच खाली बसून रुंद झाली होती. वय कमी, साखर नाही, विडी होती. मी त्यांना म्हटलं, "विडी आजपासून बंद कराल, तरच चाकू लावीन." त्यांनी ती बायकोच्या देखत बंद केली. बाराव्या दिवशी लहान छेदातून ऑपरेशन झालं. शेतकरी काकांचं ऑपरेशन मी केलं नाही. त्यांच्या मुलाला वाटलं, पैसे नाहीत म्हणून डॉक्टर टाळतायत. त्याला बसवून समजावून सांगावं लागलं की, न करणं हाही विचार करून दिलेला उपचार आहे.

चालणं परत कसं येतं

ऑपरेशनशिवाय उपचार म्हणजे नुसतं प्लास्टर घालून घरी पाठवणं नव्हे, आणि ऑपरेशन म्हणजे काम झालं असंही नव्हे. दोघांची वाट पुढे जवळजवळ एकच आहे.

पहिले काही दिवस पाय छातीच्या पातळीहून वर. खाली दोन उशा नकोत, चार हव्यात. सूज जितकी लवकर उतरेल तितका पुढचा ताठरपणा कमी. दुखणं सोसवेल तसं पायाची बोटं आणि मग घोटा हलवायला सुरुवात. ऑपरेशन झालं असेल तर जखम बघून, नसेल तर बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. मी रुग्णांना सांगतो, अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवा. क पासून ज्ञ पर्यंत, दिवसातून तीनदा. यात घोटा आणि खालचा सांधा दोन्ही सगळ्या बाजूंना फिरतात. महिनाभर गच्च प्लास्टरमध्ये ठेवलेला सांधा पुढे कधी मोकळा होत नाही.

वजन मात्र टाकायचं नाही. साधारण सहा ते बारा आठवडे, एक्स-रेवर हाड जुळल्याचं दिसेपर्यंत, कुबड्या किंवा वॉकर. या काळात पोटरी दुखून सुजली किंवा एकाएकी धाप लागली, तर पायात रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

मग थोडं थोडं वजन. "थोडं" म्हणजे किती, हे घरच्या वजनकाट्यावर शिकता येतं. एक पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर आणि दुखरा पाय काट्यावर ठेवायचा. डॉक्टरांनी पंधरा किलो सांगितलं असेल, तर काटा पंधरावर येईपर्यंतच दाबायचं. पायाला तो दाब एकदा कळला की चालताना अंदाज येतो. पूर्ण वजनावर यायला बहुतेकांना तीन महिन्यांच्या आसपास लागतात.

कुबड्या सुटल्या की लोकांना वाटतं, झालं. इथूनच खरं काम सुरू होतं. पोटरी सुकलेली असते. भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलायच्या, पुढे एका पायावर. पायरीवर चढायला आधी चांगला पाय आणि उतरायला आधी दुखरा पाय. उतरणं चढण्याहून उशिरा जमतं, त्यानं खचू नये. सपाट रस्ता आधी, मग गवत, मग मऊ माती, शेवटी नांगरट. घरात शहाबादी फरशीवर अनवाणी फिरणं वर्षभर टाळावं. मऊ टाचेची, रुंद चप्पल किंवा बूट वापरावेत. उकिडवं बसायला घोटा पुरेसा वाकावा लागतो, म्हणून काही महिने शौचाला खुर्ची किंवा कमोडची सोय करून घ्यावी.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत भराभर होते, नंतर हळूहळू, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत होत राहते. म्हणून चौथ्या महिन्यात "ऑपरेशन फसलं" किंवा "करायला हवं होतं" असा निकाल देऊ नये. दोन वर्षांनंतरही सांधा सतत दुखत राहिला, तर तो जोडून टाकण्याचं ऑपरेशन असतं. पावलाचं डावंउजवं कलणं त्यात जातं, पण दुखणं बहुधा कमी होतं आणि सपाट रस्त्यावर माणूस बरा चालतो.

एक गोष्ट मात्र आम्ही डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवी. सांधा सरकलेली टाच क्वचितच मोडण्यापूर्वीसारखी होते, मग उपचार कोणताही असो. थोडा ताठरपणा, सकाळची पहिली पावलं जड, थंडीत ठणका हे बहुतेकांच्या वाट्याला येतं. हे आधी न सांगता "दोन महिन्यांत पळायला लागाल" म्हणणारा डॉक्टर रुग्णाला खोटा दिलासा देतो, आणि सहाव्या महिन्यात तोच रुग्ण स्वतःला दोष देत बसतो.

म्हणून तुमच्या घरात कुणाची टाच मोडली, तर डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा. भेग सांध्यात गेली आहे का आणि सी. टी.त तुकडे किती सरकलेत? टाचेची उंची आणि रुंदी कितपत बिघडली आहे? माझी साखर, माझं व्यसन, माझी कातडी पाहता जखम चिघळण्याचा धोका किती? आणि माझ्या कामाला कशी जमीन लागते, ते लक्षात घेता वर्षानं मी काय करू शकेन? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच विचारायचा राहून जातो.

ते दोघे रुग्ण पुढे दोन वर्षं माझ्याकडे येत होते. दोन माणसांवरून नियम काढायचा नसतो, तरीही सांगतो. गवंड्याची जखम नीट भरली. रस्त्यावर ते चालत असले तर कोणती टाच मोडली होती ते ओळखू येत नाही. पण खडीच्या ढिगावर पाऊल अडखळतं आणि शिडीच्या दांडीवर तळवा दुखतो. शेतकरी काकांची टाच रुंदच राहिली. त्यांनी चांभाराकडून मापाची चप्पल करून घेतली, बांधावरून ते काठी घेऊन जातात. दुसऱ्या वर्षी आषाढीला ते वाखरीपासून पंढरपूरपर्यंत चालले आणि संध्याकाळी पाय सुजला म्हणून मला फोन केला. मी म्हटलं, "काका, आता पाय वर घ्या." ते म्हणाले, "घेतलाय, चार उशा हायेत."

गवंड्यानं पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभरानं दिलं. "चढू शकाल, पण चढू नका. तुमचा पाय आता फळीचा कल ओळखत नाही." त्यांनी थोडा वेळ विचार केला. आता ते जमिनीवरचं बांधकाम घेतात आणि वरच्या कामाला दुसरी माणसं लावतात. चार पैसे कमी मिळतात, असं ते म्हणतात. पण वर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधल्याशिवाय आणि फळी स्वतः दाबून पाहिल्याशिवाय ते कुणालाही परांचीवर जाऊ देत नाहीत.